बाईंची शेवरोले

पुनावळ्याचा धोंडीबा बासष्ट साली चिंचवडला यशवंतरावांच्या बंगल्यावर ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हा त्यांची अमेरिकन शेवरोले अकरा वर्षांची होती. चौऱ्याहत्तरात ती विकायला निघाली तरी तिच्या निळ्या रंगावर ओरखडा नव्हता. रोज पहाटे दोन बादल्या पाणी, मग मऊ फडकं. बायको कस्तुरा म्हणायची, "माज्याकडं कधी येवढं बघितलं न्हाई."

यशवंतराव वारले आणि प्रभावतीबाई एकट्या पडल्या. लेक इंद्रायणी नागपूरला, पहिलटकरीण. गाडी स्वतःच्या हातानं चांगल्या माणसाला द्यायची आणि बाळंतपणाआधी कायमचं नागपूर गाठायचं, असं बाईंनी ठरवलं.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचे एक डॉक्टर. ते फाटकात उतरले. गाडी बाहेर काढायच्या निमित्तानं धोंडीबानं बॉनेट उघडलं आणि प्लगच्या दोन वायरी सैल केल्या. गाडी आचके देत अंगणातच बंद पडली. डॉक्टर हळहळत परत गेले.

"असं कसं हो झालं, धोंडीबा?"

"म्हातारी झाली बाईसायेब. आता काय भरवसा न्हाई तिचा."

आणखी दोघं आले, तसेच गेले. "बिघडलेली गाडी कुणाच्या गळ्यात मारायची नाही मला. तुम्ही नीट करा, मग मी निघते," असं म्हणून बाईंनी जाणं पुढं ढकललं. धोंडीबा दिवसदिवस गाडीखाली पाना घेऊन नुसता पडून राही. बाई स्वतः चहा आणून देत.

मग एक दिवस तार आली. इंद्रायणी तीन आठवडे आधीच बाळंत झाली होती. मुलगी झाली. दोघी सुखरूप, पण दोन दिवस फार अवघड गेले, सारखी आईला हाक मारत होती. बाई तार घेऊन पायरीवर बसल्या. उठताना त्यांचं धोंडीबाकडे लक्ष गेलं.

"तुम्हालाही फार त्रास दिला मी. एवढे दिवस राबलात."

ते मात्र त्याला सोसवलं नाही. त्यानं बॉनेट उघडलं, वायरी दाबून बसवल्या, गाडी सुरू केली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"बिघाड नव्हताच बाईसायेब. दर येळेला मीच वायर काढत व्हतो."

"का?"

"गाडी जाईल म्हणून."

बाईंनी तारेची घडी घातली. "मला बोलला असतात तर..." एवढं म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना बोलावून घेतलं. "किरकोळ बिघाड होता, यांनी शोधून काढला," असं सांगितलं. गाडी घेऊन जाताना डॉक्टरांनी धोंडीबाच्या पाठीवर थाप मारली. "हात चांगला आहे राव तुमचा!" धोंडीबाची मान वर होईना.

नागपूरला निघताना स्टेशनवर त्यानं बॅगेला हात घातला, तर बाई म्हणाल्या, "असू द्या. मी नेते." आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

पुढं तो एका कंपनीच्या बसवर लागला, कामगारांना शिफ्टला ने-आण करायला. दर दिवाळीला नागपूरहून बाईंचं कार्ड येई. कस्तुराची, मुलांची चौकशी, नातीच्या दोन गमती. त्या गोष्टीचा कधी शब्द नसे. उत्तर लिहून घ्यायला धोंडीबा गावातल्या आबाजी मास्तरांकडे जाई. चार ओळी झाल्या की मास्तर विचारत, "आणखी काय लिहू?"

धोंडीबा बाईंचं कार्ड उलटसुलट करून बघे. मग म्हणे, "काय न्हाई. समदी खुशाल हाईत म्हणून लिवा."