अर्ध्या गुंठ्यातला वड

माझ्या वडिलांच्या राखेवर आमच्या लोकांनी वड लावला.
अर्ध्या गुंठ्यातल्या घराच्या दारात. वड!

आज अण्णांना जाऊन दोन वर्षं झाली. अशा दिवशी छान छान लिहायचं असतं. मी चिडलेली आहे, तर चिडूनच लिहिते.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आकुर्डीला एका कंपनीत आयुष्यभर शिफ्ट केल्या, पिंपळे गुरवला घर बांधलं आणि घरापुढं जेवढी जागा उरली तेवढ्यात बाग केली.
एक मोटारसायकल आडवी लावली की आमचं अंगण संपतं.
त्यात डाळिंब, कढीपत्ता, आईच्या पूजेसाठी तगर. आणि छातीच्या वर जाऊ न दिलेला पेरू, दर वर्षी फळं संपली की कात्री लागलीच.

छोट्या जागेत कुठलं झाड लावावं, ह्या एका विषयावर हा माणूस कुणाशीही भांडायचा. ओळख असायची गरज नव्हती.

रस्त्याने जाताना कुणाच्या गेटाशी बदामाचं रोप दिसलं, की थांबलेच.
"अहो, काढा ते! उद्या स्लॅबला लागंल. टाकी कुठंय तुमची? बघा, टाकीजवळच लावलंय!"
तो बिचारा बनियनवर बाहेर येऊन बघत राहायचा, हे कोण?
मी लाजेने मरायचे. "अण्णा, चला ना!"
"थांब गं. आज केवढंय ते बघून लोकं लावतेत. होणार केवढं, ते कोण बघायचं?"

आईला सोनचाफा हवा होता. त्यावरून तर घरात महाभारत. शेवटी कलमी आणला, तोही कुंडीत, आणि पुढं कित्येक दिवस दोघं त्याच्या उन्हावरून भांडत होते.

असा माणूस गेला.

राख सावडायच्या दिवशी बापूकाका, म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, गावाहून आले होते. म्हणाले, "पवना नदीत काय घाण कमी हाय का? आमच्याकडं आता राख खड्ड्यात घालतेत आन् वर झाड लावतेत."
कल्पना चांगली होती. मला मनापासून पटली. मी म्हटलं, पारिजातक लावू. नाहीतर लिंबू.
काका भडकले. "माझा भाऊ काय लिंबू व्हता का?"
मयताच्या घरी कोण वाद घालणार?

दहाव्याच्या आधीच टेम्पोतून वड आला. माझ्यापेक्षा उंच. जागा नव्हती, म्हणून डाळिंब काढलं.
अण्णांचं डाळिंब उपटून अण्णांसाठी वड. काय बोलायचं राव!

वटपौर्णिमेला गल्लीतल्या बायका खूश. "अय्या, दारातच सोय झाली!"
आपापल्या नवऱ्याला आयुष्य मागत माझ्या वडिलांभोवती फेऱ्या मारत होत्या, आणि आई खिडकीत उभी. त्यांची चूक नाही, मला कळतं. पण डोकं फुटायचंच बाकी होतं माझं.

आई रोज सकाळी त्या वडाला पाणी घालायची आणि त्याच्याशी बोलायची. गॅस संपलाय, वैशूची, म्हणजे माझी, कंपनीची बस चुकली, गुडघा दुखतोय. मी आतून ऐकायचे.

यंदा अंगणाखालची पाण्याची टाकी गळायला लागली. प्लंबर खाली उतरून बघून आला. "ताई, मूळ आत आलंय. झाड काढा, नाहीतर टाकी विसरा."

काकांना फोन केला.
"बापाला उपटतीस?"
"मग तुमच्या बांधावर लावा. टेम्पो मी करते."
"बांधावर? येडी का खुळी? सावलीनं रान जातंय सगळं!"
म्हणजे भाऊ माझ्या टाकीवर चालतो, तुमच्या सोयाबीनवर नाही! मी फोन कट केला.

आणि अण्णा, राग तुमचाही आला. सगळ्या पिंपळे गुरवला शहाणं करत फिरलात. स्वतःसाठी काय लावायचं, हे एक वाक्य घरात बोलून ठेवता आलं नाही?

आईपुढं विषय काढला की ती उठून जायची. शेवटी मीच चाकणजवळ मैत्रिणीच्या मोकळ्या रानात जागा ठरवली आणि परवा रविवारी दोन माणसं बोलावली.

माणसं पहारी घेऊन आली, तर आई वडाला पाठ लावून उभी.
"आई, सरक."
नाही सरकली.
"आई, प्यायला पाणी नको का आपल्याला?"
माणसं माझ्याकडं बघायला लागली. मला ओरडायचं होतं, तिच्यावर, काकांवर, सगळ्यांवर.

मग तीच बोलली. माझ्याकडं न बघता.
"दोन वर्षं झाली, रोज बोलते मी ह्यांच्याशी. ह्यांच्या दारात वड लावलाय, टाकीला चिकटून. डाळिंब काढून. एकदा तरी भांडले का माझ्याशी? एवढं गप ऱ्हाणारा माणूस व्हता का ह्यो?"

ती वडापासून बाजूला झाली.

"न्हाईत ते इथं. काढा."
आणि ती आत गेली.

वड मैत्रिणीच्या रानात लावला. तिथं भरपूर जागा आहे, वाढू दे हवा तेवढा.

मी दोन वर्षं काकांशी, प्लंबरशी, त्या झाडाशी भांडत होते. आणि ती रोज सकाळी पाणी घालताना एका भांडणाची वाट बघत होती. मला पत्ताच नव्हता.
त्या दिवशी त्या दोन परक्या माणसांसमोर मोठ्याने रडले. अण्णा गेल्यावरही अशी रडले नव्हते.

अण्णा, खड्डा अजून मोकळा आहे. आई आणि मी मिळून काहीतरी लावू. बहुतेक चुकीचंच लावू.

तुम्ही नाही आहात, हे आता आम्ही दोघींनी मान्य केलंय.
आईचा आणि माझा नमस्कार घ्या.