तेहतीस घरांचा एकच आजोबा

आज सकाळची वंदना झाली, ह्यांचा डबा भरून झाला, आणि वही उघडली तर पंचशीलाशिवाय दुसरं काही लिहावंसं वाटेना. आठवडाभर घरात तिचीच गोष्ट चालली आहे.

पंचशीला माझी नणंद. वय चव्वेचाळीस. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणते, "वह्या तपासून सरल्या की करते." आमच्या सीमाभागात, भालकीतल्या एका खासगी हायस्कुलात सतरा वर्षं इंग्रजी शिकवते. दहावीतल्या निवडक चौतीस मुलांचा जादा वर्गही तिच्याकडेच आहे. पुस्तकाबाहेरच्या गोष्टी, कविता वाचायच्या आणि निबंध लिहायचे, असा तो वर्ग. तो तिनं स्वतः मागून घेतला. सकाळी साडेसातला घर सोडते, संध्याकाळी येते ती जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून, गुडघा धरून. ह्यांनी किती वेळा सांगितलं, "अगं, सोड तो वर्ग." ती ऐकून घेते आणि पिशवीतून वह्या काढते.

सोमवारी तशीच आली आणि निबंधांचा गठ्ठा माझ्या मेथीच्या जुडीशेजारी टाकून भिंतीला टेकून बसली.

"वैनी, तेहतीस जणांना शून्य दिलंय."

मी म्हटलं, "तेहतीस? मग राहिलं कोण?"

सहामाहीला तिनं विषय दिला होता, आपल्या घरातलं वडीलधारं माणूस. तेहतीस पोरांनी एकच आजोबा लिहिला होता. निवृत्त पोस्टमास्तर, सोनेरी काडीचा चष्मा, हातात काठी, रोज सकाळी बागेत गुलाबांना पाणी. गाईडातला निबंध, शब्दाला शब्द. राहिली एक मनीषा, दुबलगुंडी गावच्या मेंढपाळ रेवणप्पाची मुलगी. तिनं आपल्या आजीवर, बाणूबाईवर लिहिलं होतं. म्हातारीला दिसत नाही, पण संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरताना पाठीवरनं हात फिरवत मोजते आणि एक कमी असलं तर कुठलं ते सांगते. चुका पुष्कळ होत्या, पंचशीलानं लाल शाईनं सगळ्या दाखवल्या होत्या. तरी वीसपैकी चौदा दिले होते.

"आमच्या गल्लीत नळाला पाणी न्हाई," मी म्हटलं, "आणि तेहतीस घरांत गुलाब कोण जगवायलंय?"

ती हसली नाही. मुख्याध्यापक वीरण्णा सरांनी तिला बोलावून घेतलं होतं. शनिवारी पालक येणार. ते म्हणाले, "मॅडम, एवढी शून्यं बघून लोक मला काय म्हणतील? एक तर मार्क बदला, न्हाई तर हा वर्ग बंद करून मी गणिताला तास देतो." शनिवारपर्यंतची मुदत.

"बदलून टाक की," मी म्हटलं. तिचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून म्हटलं.

"बदलले तर पुढच्या खेपेला मनीषाबी पोस्टमास्तरच लिहील. कामून लिहिणार न्हाई? आणि वर्ग गेला तर तिला लिहायला सांगणार कोण?"

मग दोघी जुडी घेऊन बसलो. मेथी निवडून झाली.

मंगळवारी सकाळी मी वंदनेवरून उठले तर ती दारातच उभी होती. झोप झाली नव्हती. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "बघ पंचशीला, मीबी ह्या गाथा पाठच केल्या. दोन वर्षं अर्थ ठाऊक नव्हता. विहारातले भन्तेजी म्हणतील तसं म्हणायची. नंतर त्यांनी एकेक करून समजावलं. मला कुणी शून्य दिलं न्हाई."

"ते वेगळं, वैनी. तुम्ही दुसऱ्याचा आजोबा आपला म्हणून सांगत नव्हता."

"मग तू सांग. दहावीत असताना तू कुणावर लिहिलं होतंस?"

तिनं बाटलीत पाणी भरलं, झाकण लावलं, परत काढलं. मग म्हणाली, "पोस्टमास्तरवर. तवाबी गाईडात तोच होता."

तिचा आजा अंबाजी. छप्पन साल यायच्या आधी गावातली मेलेली ढोरं ओढायचं काम त्याच्या वाट्याला होतं. दीक्षा घेतली त्या दिवशी त्यानं ओढायचा दोर विहिरीत टाकला आणि दुसऱ्या दिवसापासून रोजगाराला जायला लागला. माझे सासरे मारोती ही गोष्ट अभिमानानं सांगायचे, पण घरात. वर्गात हे लिहायचं धाडस पंचशीलाला झालं नव्हतं. त्या निबंधाला तिला वीसपैकी सतरा पडले होते.

गुरुवारी तिनं वर्गात गाईडं बाजूला ठेवायला लावली आणि आधी स्वतः सांगितलं. ढोरं, दोर, विहीर, सगळं. इंग्रजीत न्हाई, आपल्या बोलीत. सांगून झालं तसा म्हणे महांतेश नावाचा पोरगा उठला.

"मॅडम, माझा आजा मरून गेलाय. मी कुणावर लिहू?"

"मग पोस्टमास्तर तरी कुठं जिवंत हाय रे? मेलेल्यावर लिही."

पोरं हसली. मग एकेकानं तोंडी सांगितलं, कुणी मराठीत, कुणी कन्नडमध्ये, मग कागदावर इंग्रजीत मांडलं. एकाची आजी कारखान्याच्या दारात भाकरी विकते, एकाचा आजा उदगीरच्या बसवर वाहक होता. महांतेशनं आज्याच्या रिकाम्या बाजेवर लिहिलं, पाचच ओळी.

शुक्रवारी तिनं दिवसभर तेच तपासलं. एकवीस नवी माणसं आली. बारा पोरांनी परत पोस्टमास्तरच लिहिला होता. ह्या खेपेला फक्त त्याच्या काठीचा रंग बदलला होता.

शनिवारी वीरण्णा सरांनी यादी पाहिली. मार्क कमीच होते, पण एकही शून्य नव्हतं. बारा नावांपुढची जागा कोरी होती. "हे काय?" त्यांनी विचारलं. "अजून लिहायल्यात," ती म्हणाली. त्यांनी सही केली. पण वर्गाचे आठवड्याचे सहा दिवस होते ते तीन केले, उरलेले गणिताला दिले.

तीन तर तीन. काल घरी आली तेव्हा मधल्या पायरीवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली. मी खाली जाऊन पिशवी घेतली. जड होती.

आज रविवार. ती समोर बसून त्या बारा कागदांखाली लाल पेनानं लिहायली आहे. मी विचारलं, काय लिहितेस?

"कायबी न्हाई. प्रत्येकाला एकच प्रश्न. आज सकाळी तुझ्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठलं?"

सातव्या कागदावर पेनातली शाई संपली. मी माझं पेन तिला दिलं, म्हणून इथून पुढचं पेन्सिलीनं आहे.