ध्रुव, खाडीच्या वर

"मला तो तेव्हा दिसलाच नव्हता," आई म्हणाली. "मी खोटं बोलले."

बाबा फोन स्टँडवर घट्ट बसवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हलू नकोस. स्टँड हलतो."

ठाण्यातल्या कोलशेतच्या आमच्या बिल्डिंगची गच्ची. उत्तरेला खाडी आहे, म्हणून त्या बाजूला थोडा अंधार अजून शिल्लक आहे. मी आईचा दंड धरून उभी होते.

आज आईला जाऊन वर्ष झालं.

सोबतचा फोटो तिचा नाही, तिने काढलेला आहे. सगळा काळा, खाली दिव्यांची रेघ, वर काही ठिपके. मधला तिचा.

आईला रातांधळेपणा होता. दिवसा ती सुईत दोरा ओवायची. दिवेलागणीनंतर भिंतीला हात लावून चालायची. वयाबरोबर नजर कडांकडून मिटत आली. मधली तेवढी राहिली. ती किती काळ राहील, हे डॉक्टरांना सांगता येत नव्हतं.

तिचं लग्न कल्याणला झालं, गोरज मुहूर्तावर. विधी संपेपर्यंत अंधार पडला. गुरुजींनी दोघांना हॉलच्या मागच्या अंगणात नेलं. नवऱ्याने बायकोला ध्रुव तारा दाखवायचा असतो. बाबांनी बोट केलं आणि विचारलं, "दिसला का?"

आईला बोटही दिसत नव्हतं.

डोळ्यांचं कळलं तर लग्न मोडेल, असं घरून बजावलेलं. ती म्हणाली, "दिसला."

बाबांना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी पॅसेजमध्ये बल्ब लावला. विषय काढला नाही. तिनेही नाही.

सायली माझी मावसबहीण. कल्याणला राहते, नवी मुंबईत नोकरी करते. तिलाही आईसारखाच रातांधळेपणा आहे. तिने आईच्या फोनमध्ये एक ॲप टाकून दिलं. कॅमेरा समोर धरला की अंधार स्क्रीनवर उजळ होतो. थोडा हिरवट, थोडा दाणेदार. पण पायरी कुठे संपते ते कळतं.

आई संध्याकाळची खाली जाऊ लागली. एकटी. फोन छातीशी धरून.

गेटवरची मुलं विचारायची, "काकू, रील बनवताय का?"

"हो. बाजूला हो, मध्ये येतोयस."

वर आली की बातम्या द्यायची.

"पार्किंगमध्ये मांजरीला पिल्लं झालीयत. तुम्ही डोळस लोक रोज तिथूनच जाता ना?"

मग सायलीचं लग्न ठरलं.

मावशीने फोन करून सांगितलं, मुलाकडच्यांना डोळ्यांचं माहीत नाही आणि कळता कामा नये. आई म्हणाली, "अगं, मुलाला तरी सांगा."

मावशी म्हणाली, "ताई, तू सांगितलं होतंस?"

त्यानंतर काही दिवस सायलीचा फोन आला की आई मला म्हणायची, तूच बोल.

आणि एका संध्याकाळी तिने बाबांना विचारलं, "तुमच्या फोनमध्ये रात्रीचे फोटो चांगले येतात ना? मला तो तारा बघायचाय."

म्हणून आम्ही गच्चीवर होतो.

बाबांनी बटण दाबलं आणि हात मागे घेतला. असा फोटो लगेच येत नाही. फोन काही सेकंद तसाच उभा राहतो, आकाशातून थोडा थोडा उजेड गोळा करत.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "मलाही नव्हता दिसला."

"काय?"

"ढग होते गं. गुरुजींना पुढच्या लग्नाला जायचं होतं. मी आपलं टाकीकडे बोट केलं."

"पाण्याच्या?"

"वर दिवा होता एक."

आई हसायला लागली. स्टँडला धक्का लागला. पहिला फोटो गेला.

दुसऱ्यांदा बटण तिने दाबलं.

मग तिने फोन हातात घेतला, डोळ्यांच्या अगदी जवळ. खाली भिवंडीकडच्या दिव्यांची रेघ होती. वर काळं. बाबांनी नखाने दाखवलं. "हा."

"एवढासाच?"

"एवढाच असतो."

ती बराच वेळ बघत राहिली. दोन बोटांनी मोठा केला, परत लहान केला. मग स्क्रीनवरून नजर न काढता तिने विचारलं, "डोळ्यांचं आधी सांगितलं असतं, तर केलं असतंत लग्न?"

बाबा स्टँडचा स्क्रू सैल करू लागले.

"बहुतेक नाही. घरचे नको म्हणाले असते. आणि मी त्यांच्यापुढे बोललो नसतो."

आईने मान हलवली. तिला राग आला नव्हता. खरं उत्तर मिळालं होतं.

"तेव्हा काय होतं हातात?" बाबा म्हणाले. "आता हे आहे. चष्म्यातच कॅमेरा बसवतायत म्हणे. सायलीच्या आयुष्यात अजून काय काय येईल."

"मग तिला कशाला टाकी दाखवायची?" आई म्हणाली.

बाबांनी स्टँड मिटून काखेत धरला. जिना आई स्वतः उतरली, फोन पुढे धरून. आम्ही तिच्या मागे.

पुढच्या काही महिन्यांत तिने बरंच बघितलं. खाडीवर उतरणारे बगळे. रात्री रस्ता खणणारी माणसं. अंधारात बसलेल्या जोडप्यांकडे मात्र फोन वळवायची नाही. म्हणायची, "त्यांना असू दे अंधार."

आई, तू गेलीस तेव्हा तुझ्या फोनमध्ये सगळे फोटो रात्रीचे होते. ते मी जपून ठेवलेत. तुला नमस्कार.

गच्चीवरच्या त्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कल्याणला फोन करून पुन्हा सांगितलं, मुलाला सांगा. मावशी रागावली आणि तिने फोन ठेवून दिला. शेजारी बसलेल्या सायलीने ते ऐकलं. दुपार व्हायच्या आत सायलीचा फोन आला. हा आईने स्वतः घेतला. सायलीने मुलाला सगळं सांगितलं होतं. म्हणाली, त्याने एवढंच विचारलं, की ऑफिसमध्ये उशीर झाला तर रात्री शीळफाट्याच्या रस्त्याने घरी कशी जातेस?