राखुंडीचं प्रात्यक्षिक

नाव घेत नाही, पण आत्ता चहाला बसलेल्यांत एकजण असा आहे, ज्यानं सकाळपासून दात घासलेले नाहीत आणि हा त्याचा दुसरा कप आहे. मान खाली घालू नकोस बाबा, सगळ्यांना कळेल.

तुझा तरी काय दोष? ही सवय लहानपणीच लागावी लागते. हेच ज्ञान वाटायला मी कॉलेज संपल्या संपल्या बारामतीहून शेळगावच्या बालवाडीत गेलो होतो. तिथं माझी जी शोभा झाली, ती कुठल्या तोंडानं सांगू?

बालवाडीच्या सुनंदाबाईंना वाटायचं, पोरांनी रोज सकाळी तिथंच दात घासावेत. आया तयार नव्हत्या. म्हणून बाईंनी पोरांसकट सगळ्या आया-आज्यांना गोळा केलं आणि पटवायचं काम माझ्यावर सोपवलं. आज होकार आला नाही तर विषय कायमचा संपला, हेही बजावलं.

"दुधाचं दात पडायचंच हायेत की," एक आई म्हणाली. "पडाय आलेल्या भिंतीला कोण रंग देतं व्हय?"

"आन् पेस्ट तर पोरं खाऊनच टाकत्यात," दुसरी म्हणाली.

मला हेच हवं होतं. "पेस्ट लागतेच कशाला? घरातली राखुंडी चालते. आहे का कुणाकडं?"

पुढं बसलेल्या हौसाआजींच्या हातात एक डबी होती, नुकतीच कमरेच्या चंचीतून काढलेली. आत काळी भुकटी. आमच्या घरी काळी भुकटी म्हणजे राखुंडीच. मी डबी घेतलीसुद्धा.

"आरं लेकरा, ती तुझ्या कामाची न्हाय..."

"लाजू नका आजी. हेच आपलं खरं देशी मंजन."

"झेपंल का तुला?"

"मी दिवसातून दोनदा दात घासतो, आजी."

बायांनी पदर तोंडाला लावले. मला वाटलं, भारावल्या.

"मुलांनो, रिकामं बोट तोंडात घाला. मी करीन तस्सं करायचं."

मी हिरड्या आतून-बाहेरून चोळल्या. थुंकायची घाई करू नये, हे भुकटी तोंडात ठेवूनच समजावलं. चव जरा तिखट होती. देशी आहे, म्हटलं.

मग बालवाडीचा पत्रा हळूहळू फिरायला लागला. मी कपाळाला हात लावला. सगळ्या पोरांनी कपाळाला हात लावला. मी डुललो, पोरं डुलली. पळत जाऊन बाभळीखाली ओकलो, तर मागं अख्खी बालवाडी ओणवी होऊन 'ओ ओ' करतेय. शेवटी मी मातीत आडवा झालो. पोरंही शेजारी पटापट आडवी.

आजी तांब्या घेऊन आल्या. "मिश्री हाय ती. भाजल्याली तंबाखू. सांगत व्हते, पर तू बोलू दिलंस का?"

होकार गेलाच, असं समजून मी डोळे मिटले. तेवढ्यात ती भिंतवाली आई सुनंदाबाईंना म्हणाली, "पोरं बघून करत्यात खरं. करा सुरू. फकस्त शिकवायला ह्यास्नी आणू नका."

पंधरवड्यानं मी गुपचूप बघायला गेलो. पोरं ओळीनं बसून ब्रश फिरवत होती. माझी छाती फुगली. चुळा भरून झाल्या आणि सगळीच्या सगळी पोरं मातीत आडवी पडली.

"अरे, झालं ना? उठा आता," मी म्हणालो.

एक चिमुरडी डोळे मिटूनच म्हणाली, "थांबा की सर. दात घासायचं अजून संपलं न्हाय."