आक्कानं न दिलेली देणगी

बी.कॉम.चा निकाल लागून महिना झाला नव्हता, तोवर मला बेळगावात टिळकवाडीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी लागली. पगारदार लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचे, एवढंच काम. पहिल्याच दिवशी साहेबांनी टेबलाचा खण उघडून एक जुना मोबाईल दाखवला. आमच्याकडं येणाऱ्या सगळ्यांच्या नावापुढं सरकारी वेबसाइटवर त्याच मोबाईलचा नंबर टाकलेला होता. "लोकांना मेसेज कळत न्हाईत, उगंच घाबरून फोन करत बसतात," साहेब म्हणाले. "सगळं इथंच येऊ दे. तू बघत जा." झालं! लोकांचं घाबरणं आयतंच माझ्या वाट्याला आलं.

माझं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे निपाणीतल्या आमच्या गल्लीतली आक्का. बोरगावच्या सरकारी दवाखान्यात नर्स, रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलेलं. लहानपणी मला सगळ्या सुया तिनंच टोचल्या. टोचायच्या आधी बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचायची, मग समोरचा कितीही बोंबलत असू दे. माझी आई विड्या वळते, घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. त्याचं कौतुक आईपेक्षा आक्कालाच लई. "आता माझं रिटर्न आपल्या पोरीकडं," असं तिनं अख्ख्या दवाखान्यात सांगून टाकलं होतं.

जुलैत तिचा फॉर्म भरला. साहेबांची एक पद्धत होती. कापलेला टॅक्स परत मिळावा म्हणून प्रत्येकाच्या फॉर्ममध्ये राजकीय पक्षाला देणगी दिल्याचं दाखवायचं, कारण तेवढ्या रकमेवर टॅक्स लागत नाही. पक्ष कुठला, कुणाचा, गिऱ्हाइकाला पत्ताच नसायचा. "सगळीकडं असंच चालतंय," साहेब म्हणाले, आणि मीही आक्काच्या नावावर देणगी टाकली. खोटं आहे हे मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणून आता सुटायचं नाही. पण नवी नोकरी, साहेबांपुढं तोंड उघडायची छाती नव्हती. शेवटी, ही सगळी माहिती खरी आहे असं कबूल करायला आक्काच्या आधार कार्डाला जोडलेल्या, तिच्या स्वतःच्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी गेला. मी फोन केला तेव्हा ती वॉर्डात होती. काय भरलंयस, असं विचारलंसुद्धा नाही. "घे गं लिहून," म्हणाली आणि आकडे सांगून मोकळी झाली. पुढं पैसे परत आले तेव्हा तिनं गल्लीत पेढे वाटले. मीही खाल्ला.

नोव्हेंबरात एका गुरुवारी खणातला मोबाईल वाजला. मेसेज आक्काच्या नावाचा होता. तुम्ही दाखवलेली देणगी संशयास्पद वाटते, डिसेंबर संपायच्या आत रिटर्न दुरुस्त करा, नाहीतर पुढची कारवाई होईल, असा त्याचा अर्थ. आणि मग एकदम आठवलं, निवडणुकीच्या वेळी कुणी आक्काच्या दाराला पक्षाचं स्टिकर चिकटवलं की ती पाणी मारून उलथन्यानं खरवडून काढायची. "सरकारी नोकर हाय बाबा मी, माझ्या दाराला नको." सरकारी नोकरानं पक्षाला पैसे द्यायचेच नसतात! आणि मी सरकारलाच लिहून दिलं होतं की आक्कानं दिलेत. चौकशी लागली तर तिची पेन्शन अडकणार होती. छत्तीस वर्षांची नोकरी, आणि तिच्यावर माझ्या एका बोटानं डाग.

साहेबांना मोबाईल दाखवला. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "नोटीस आली की बघू. आणि तिला काय सांगितलंस तर सोमवारपासून यायचं न्हाय."

भीती कशाची जास्त होती हे मला आजही नीट सांगता येत नाही. नोकरीची होतीच. आईनं विड्यांच्या कारखान्यात माझ्या नोकरीचा केवढा डांगोरा पिटला होता! पण मी गप्प बसले तर आक्काला काहीच कळणार नव्हतं. तिचा मेसेज तिच्याकडं जातच नव्हता, खणात येत होता. माझ्याशिवाय तिला सांगणारं कुणीच नव्हतं. शनिवारी निपाणीच्या बसमध्ये बसले, तेव्हा बस वाटेत बंद पडावी असं मनापासून वाटत होतं. मेली वेळेवर पोचली.

रविवारी सकाळी आक्काकडं गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती. काड्या बाजूला करत करत तिनं सगळं ऐकलं, मग विचारलं, "कुठल्या पक्षाला दिले गं मी पैसे?"

मी नाव सांगितलं. तिनं ते कधी ऐकलंच नव्हतं.

"आणि मी पेढे वाटले," ती म्हणाली.

मला रडू फुटलं. तिनं गप्प बस म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. उठून हात धुतले, चष्मा लावला आणि म्हणाली, "काढ ते. आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर."

नोकरी जाणार हे ठरलेलंच होतं, आणि सोमवारी ती गेलीच. पण त्या रविवारी मी आधी माझ्या लॅपटॉपवर खणातल्या मोबाईलचा नंबर काढून आक्काचा नंबर टाकला. परत आलेले पैसे तिनं व्याजासकट भरले. मग फॉर्म उघडला. "वाच," ती म्हणाली. मी वाचायला लागले तशी म्हणाली, "मोठ्यानं." पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी मराठीत सांगत गेले, आणि प्रत्येक ओळीला ती मान हलवेपर्यंत थांबत गेले. देणगीच्या रकान्यात शून्य आहे, हे तिनं दोनदा वाचून घेतलं.

तिचा मोबाईल वाजला. ओटीपी आला होता. सवयीनं माझा हात पुढं गेला.

आक्कानं मोबाईल पदराखाली धरला. माझा लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि एका बोटानं, एकेक आकडा शोधत, सहाही आकडे तिनं स्वतः भरले.

"पुढच्या वर्षीबी तूच भर," ती म्हणाली. "पण ते सहा आकडे मी सांगणार न्हाय."