तिकडली देवरी

नागपूरहून पेपरांचा गठ्ठा आमगाव स्टेशनावर उतरला, की दोरी कापून पहिला अंक मी गल्ल्याच्या पेटीखाली सरकवून ठेवायचो. तो टेकचंदभाऊंचा. दुसऱ्या कोणी चाळलेला अंक त्यांना चालत नसे. पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. असाच अंक काढून ठेवत होतो आणि समोर गौरा येऊन उभी राहिली. गौरा बिडी कारखान्यात कामाला आहे, सकाळच्या वेळी ती माझ्या दुकानाकडे कधी फिरकत नाही. पदराचं टोक हातात घट्ट धरून ती म्हणाली, "आजचा अंक नोका ठेवू जी. भाऊ सकारीच गेले." मी अंक पेटीखालून काढला आणि गठ्ठ्यात ठेवला. मग काय वाटलं कोण जाणे, परत काढला आणि होता तिथेच सरकवला. महिना उलटून गेला, पण रोज सकाळी हात तेच करतो.

टेकचंदभाऊ सालेकशाकडचे. फार पूर्वी माळव्यातून आलेल्या पोवारांचं घर, बऱ्यापैकी धानाची शेती. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेशाच्या सीमेवर रस्ते बांधणाऱ्या मजुरांच्या तुकडीत गेले आणि परत आले ते नांगराला हात लावेनासे झाले. शेती भावावर सोपवून आमगावच्या बिडी कारखान्यात लागले. मी दुकान मांडलं तेही त्याच वर्षी, देश स्वतंत्र झाला त्या वर्षी. माणूस उंच, खांदे थोडे वाकलेले, आवाज मात्र असा की पलीकडच्या फलाटावर उभं राहून बोलले तरी इकडे कळावं. बिडी कारखान्यात जन्म काढला आणि एक बिडी ओढली नाही. मी चिडवायचो, तर म्हणायचे, "हलवाई का रोज पेढे खाते, पेपरवाले?"

कारखान्यात एक रीत होती. मांडीवर सूप घेऊन दिवसभर पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा... हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान तेवढे रिकामे. म्हणून दुपारी एकानं पेपर वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं आणि वाचणाऱ्याच्या वाट्याच्या बिड्या सगळ्यांनी मिळून वळून द्यायच्या. टेकचंदभाऊ आले आणि हे काम आपोआप त्यांच्याकडे गेलं. भिंतीला लागून एक लाकडी पेटी होती, तिच्यावर बसून ते वाचत. कारखान्याचे मालक शेठजी, त्यांचीही हरकत नव्हती. पेपर चालू असला की बायका आपसात बोलत नाहीत आणि काम जास्त होतं, हे त्यांच्या व्यापारी डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग कोरियात लढाई पेटली. पेपरवाल्याला लढाईचं एक सुख असतं, अंक खपतात. बोलायला लाज वाटते, पण गठ्ठा मोठा मागवावा लागला तेव्हा मी खूश होतो. टेकचंदभाऊ मात्र पुरते अस्वस्थ झाले होते. ते रोज लढाईची बातमी वाचत आणि रोज बायका जांभया देत. सोल, प्योंगयांग, अडतिसावं अक्षवृत्त... ही नावं कोणाच्या जिभेवर बसणार? एके दिवशी त्यांनी पेपर खाली ठेवला आणि सांगितलं, "आजपासून सोल म्हंजे आपलं गोंदिया. प्योंगयांग म्हंजे बालाघाट. अन् मधातली रेघ म्हंजे आपली बाघ नदी. बाकी बारक्या गावाईले मी रोज नाव देत जाईन." बातमी जशीच्या तशी, पदरचं काही घालायचं नाही, फक्त नावं आपली. वर्षभरात आमच्या कारखान्यात गोंदिया पडलं, परत मिळालं, पुन्हा पडलं, पुन्हा मिळालं. पूल तुटल्याची बातमी आली की बाघ नदीचा पूल डोळ्यांपुढे यायचा आणि सुपावरचे हात थांबायचे. बारक्या गावांसाठी तर विनवण्या सुरू झाल्या. एखादी म्हणे, "माझ्या माहेराचं नाव नोका देऊ जी." दुसरी म्हणे, "मंग माझ्या सासरचं द्या," आणि सगळ्या हसत. भाऊंनी मात्र कोणालाच सूट दिली नाही, पाळीपाळीनं सगळ्यांची गावं घेतली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात आलं कुठून, ते मला पुढे नवेगाव बांध या गावी कळलं. अणुबॉम्ब नको, म्हणून सह्या गोळा करण्याची मोहीम तेव्हा देशभर चालली होती. आम्हीही एक शांतता समिती काढली होती. आम्ही सातआठ जण, त्यातले निम्मे चहासाठी येणारे. माझ्याकडे चांगलं पेन होतं म्हणून मी चिटणीस. पहिल्याच बाजाराच्या दिवशी आम्ही ढोल घेऊन निघालो, तर लस टोचणारे आले समजून बायका पोरांना घेऊन पळत सुटल्या. भाऊ त्यांच्यामागे ओरडत होते, "टोचत नाही ओ, अंगठा लावा फक्त." शेठजी गादीवरून म्हणाले, "अरे टेकचंद, लड़ाई वहाँ, और जुलूस आमगाँव में?" सगळा बाजार हसला. भाऊही हसले, पण त्यांना ते लागलं होतं.

नवेगावला मासे धरणाऱ्या ढिवरांचे अंगठे घेऊन आम्ही तलावाच्या बांधावर शिदोरी सोडली होती. तिथे त्यांनी सांगितलं. "रस्ता करत करत आमी एका गावातून गेलो. अख्खा गाव जरला होता. एक कुत्रं तेवढं फिरून राहिलं होतं. मुकादम म्हने, चला. आमी गेलो." भाकरीचा तुकडा हातात तसाच. "त्या गावाचं नाव का होतं, ते मी इचारलंच नाही... अन् इचारतो कोनाले? सांगाले कोनी राहिलंच नोहोतं." माझ्याकडे न बघता ते म्हणाले, की आपल्या गावाचं नाव दिलं की निदान एक दिवस तरी माणसं त्या गावाची विचारपूस करतात. मला तेव्हा ते फार पटलं होतं. आजही पटतं... आणि तरीही पुढे जे झालं ते झालंच.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. जंगलात तेंदूपत्त्याची तोडणी चालू होती, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. त्या दिवशी देवरीची पाळी होती. पेपरात कोणत्या तरी खेड्यावर विमानं येऊन गेल्याची बातमी होती. भाऊंनी वाचलं, की काल दुपारी देवरीवर विमानं आली, बाजाराची ओळ जळली, शाळेचं छप्पर कोसळलं, वाचलेली माणसं जंगलात गेली. आत बसलेल्या बायकांना ही देवरी कुठली ते ठाऊक होतं. बाहेरच्या खिडकीशी सोनाबाई उभी होती, तिला ठाऊक नव्हतं. ती विधवा. घरी बिड्या वळून खिडकीवर आणून द्यायची, आणि हे काम तिनं नुकतंच धरलं होतं. एकुलती एक लेक देवरीला दिलेली. ती लेक म्हणजे ही गौरा. सोनाबाईनं बिड्यांची टोपली खिडकीतच सोडली आणि ती निघाली. खिडकीवरच्या माणसाला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल.

देवरीची मोटार सकाळीच सुटून गेली होती. सात-आठ कोसांची वाट, मधे जंगल, आणि वर ते ऊन. ती अनवाणी निघाली होती. देवरी जवळ आली असताना मोहाच्या झाडाखाली ती पडलेली दिसली, ती तेंदूपत्त्याच्या गाडीवाल्यांना. त्यांनी तिला गाडीत घालून लेकीच्या दारी नेलं. गौरा सांगते, आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग भिंतीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "घर नाही जरलं?" दुसऱ्या दिवशी ती गेली. अंगात ऊन भरलं होतं, पाणी पोटात ठरत नव्हतं.

मोटारवाल्यानं ही बातमी माझ्या दुकानावर आणली. टोपलीचा उलगडा तेव्हा झाला. टेकचंदभाऊ मोटारीत बसले नाहीत, त्याच वाटेनं पायी देवरीला गेले. गौरानं त्यांना पाण्याचा तांब्या दिला. परत आले आणि त्या दिवसापासून त्यांनी कारखान्यात वाचणं बंद केलं. शेठजी स्वतः समजवायला आले. "तुम्हारी क्या ग़लती, भाई? उसका नसीब था. पढ़ो, पढ़ो." बायकांनीही गळ घातली. ते मान खाली घालून आपल्या वाट्याच्या बिड्या वळत राहिले. दुसरा एक जण वाचायला बसला, तो सोन्याचा भाव आणि सिनेमाच्या जाहिराती वाचायचा. समिती कोणी मोडली नाही, पण भाऊ येईनात तेव्हा बाकीचेही येईनात, आणि ढोल ज्याचा होता त्यानं नेला. दोन वर्षांनी कोरियातली लढाई थांबली. ज्या कारखान्यात गोंदिया इतक्यांदा पडलं, तिथे ते शेवटी कोणाकडे राहिलं, हे कोणीच वाचून दाखवलं नाही. मला त्या गोष्टीची सगळ्यात जास्त हळहळ वाटते. भाऊंनी तो अंक माझ्या फळीवर बसून पाहिला, नेहमीसारखी उभी घडी घातली आणि मला परत दिला. अंक परत दिला तो तेवढाच.

काही वर्षांनी गौराचा नवरा इथल्या धान गिरणीत लागला आणि गौरा आमगावला राहायला आली, कारखान्यात बसू लागली. एकाच छपराखाली दोघं. भाऊ तिच्या सुपाकडे पाहत, तोंडाकडे पाहत नसत. सुएझची गडबड सुरू झाली त्या दिवसांत एका दुपारी ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. "भाऊ, तुमी वाचत काऊन नाही?" भाऊ दोरा गुंडाळत राहिले. "माय कायले धावली? तुमच्या वाचन्यात तिले माझं घर दिसलं म्हनून धावली. आता तो सोन्याचा भाव सांगते, कोनी मानही वर नाही करत. हे बरं हाय का?" सगळा कारखाना ऐकत होता. भाऊ उठले, पेटीवर बसले, पेपर उघडला. पोर्ट सैद एवढं वाचलं आणि थांबले... बायका वाट पाहत राहिल्या. शेवटी "डोळे साथ नाही देऊन राहिले" म्हणाले आणि उठले. त्या संध्याकाळी दुकानावर आले तेव्हा मला म्हणाले, "नाव द्याले गेलो ना पेपरवाले, तर तोंडात देवरीच आली."

त्यानंतर ते पेटीवर कधी बसले नाहीत. पण गौरा त्यांच्यासाठी भाजीभाकरी आणू लागली, आणि भाऊ मान वर करून तिच्याशी बोलू लागले. एकटा माणूस, आमगावात नातं ना गोतं. शेवटच्या तापातही तिनंच केलं. मी संध्याकाळी जायचो तेव्हा उशाशी अंक असायचा. ओठ हलायचे, आवाज नसायचा. एवढा मोठा आवाज एका माणसानं नऊ-दहा वर्षं गिळून ठेवला. तो असा वाया जायला नको होता. सोनाबाईचं जाणं खरं आणि हेही खरं. दोन्हींपैकी एकाला खोटं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते मला जमलं नाही.

परवा गौरा पुन्हा दुकानावर आली. गल्ल्याच्या पेटीखालून डोकावणारा अंक तिनं पाहिला आणि ओढून काढला. "चला जी," म्हणाली, "बाया बोलावून राहिल्या." दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मी गेलो. भिंतीला लागून ती पेटी तशीच होती. बसायला लोक जागा शोधत असतात, पण पेटीवर कोणी बसलं नव्हतं. मी उभ्यानंच वाचणार होतो, तर गौरा म्हणाली, "बसा." बसलो. धानाचे भाव वाचले, मग काँगोची बातमी आली. तिकडे धुमश्चक्री चालू आहे, शांतता राखायला आपले जवानही गेलेत, आणि आत कुठे तरी एक खेडं जाळलं गेलं. माझा आवाज भाऊंसारखा नाही, मागच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. पानं कापणाऱ्या कैच्या चालू होत्या. गौरानं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं.

"तिकडली देवरी कोनती जी?"

मी बातमी वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिली. राजधानीचं नाव होतं, पुढाऱ्यांची नावं होती. त्या गावाचं नाव दिलेलं नव्हतं, 'एक खेडे' एवढंच छापलं होतं. मी तसं सांगितलं.

गौरानं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाव नाही तर आपलंच द्या. देवरीच म्हना... आता सगळ्याईले माहीत हाय."

मी ती ओळ पहिल्यापासून वाचली.