चेंडू न सोडणारे मामा

“फेका! मामा, लांब फेका!” मस्कतमधली आमची अख्खी वस्ती, वादी कबीर, ओरडत होती. डोंगरावरच्या शेळ्यासुद्धा तेच ओरडत होत्या, हे मी आजही शपथेवर सांगेन. आणि पन्नाशीचे, ढेरपोटे मामा शांतपणे चेंडू आमच्या दीपकच्या हातात देत होते. दीपक तीन यार्ड धावला, कुणीतरी त्याच्या कमरेची पट्टी खेचली, नियमाप्रमाणे डाव थांबला. पुन्हा तेच.

मामा आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचे कप्तान. ह्यूस्टनला नोकरी करून मस्कतला आले, ते हा खेळ घेऊनच. “चेंडू आपल्याकडे असला की समोरचा हीरो नुसता प्रेक्षक,” हे त्यांचं तत्त्व. त्यांच्या दार्सैतच्या घरातही तेच. रजा मागायला अर्बाबला, म्हणजे मालकाला, फोन लावला की श्वाससुद्धा घ्यायचे नाहीत. “गॅप दिली की तो नाही म्हणतो!” रजा मंजूर झाल्यावरच फोन खाली.

त्या दिवशी पैज मोठी होती. हरेल त्याने शुक्रवारचं मैदान कायमचं सोडायचं. समोर तेल कंपनीचा संघ आणि त्यांचा जेरी. हा जेरी इथून चेंडू फेकायचा तो पार पलीकडच्या वस्तीत, वादी अदाईत पडायचा, आणि तिथेही झेलायला त्यांचाच माणूस उभा! आम्ही जेमतेम एका गुणाने पुढे, पंधरा मिनिटं बाकी, चेंडू आमच्याकडे.

चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकलं की आणखी चार मिळतात. मामा दहाच्या जागी साडेदहा घेत होते, एक इंच जास्त नाही. घड्याळ पळत होतं. बाहेर बसलेल्या जेरीचा पाणी पिऊन पिऊन उंट झाला होता.

“मामा, लोक हसतायत हो. एकदा तरी फेका!” दीपक रडकुंडीला आला.

“हसू देत. हसायला चेंडू लागत नाही.”

शेवटी चौथा प्रयत्न, एक यार्ड बाकी, दोन मिनिटं शिल्लक. चुकलं तर चेंडू जेरीला. या वेळी मामांनी तो दीपकलाही दिला नाही. पोटावर धरला आणि स्वतःच घुसले. पट्टी खेचली गेली तेव्हा मामा रेषेच्या अलीकडे होते; पोट आणि चेंडू पलीकडे. आणखी चार प्रयत्न मिळाले आणि त्यातच घड्याळ संपलं.

मैदान आमचं राहिलं. मामा पुण्याला परतून वर्षं झाली, तरी आमचंच आहे.

त्या दिवशी शेवटची शिट्टी वाजताच तेल कंपनीचा कप्तान सावंत, मालवणचा, तणतणत आला. “ह्याला खेळ म्हणतात, मामा? पंधरा मिनिटं माझ्या माणसाला चेंडू दिसलासुद्धा नाही!”

मामा बुटाची नाडी सोडत म्हणाले, “नव्हताच दाखवायचा.”